बडेजावाचे बुजगावणे

दिवाळी अंकात गोडाधोडाचेच वाचायला मिळावे अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. पण फराळाच्या ताटात चकलीही असते, आणि चकलीला तिखट लागतेच. तेवढ्या तिखटाचा आधार घेऊन मी आज एक भांडण उकरून काढणार आहे. हे भांडण कुणा एका माणसाशी नाही. तुमच्याआमच्या मनात घट्ट बसलेल्या एका समजुतीशी आहे. समजूत अशी की, जो आपला डंका आपणच पिटतो, चार माणसांत बसला की 'मी'शिवाय ज्याचे वाक्य सुरू होत नाही, त्याला स्वतःविषयी दांडगा विश्वास असतो. त्याला माज आलेला असतो, आणि कुणीतरी एकदा त्याची जिरवली की तो ताळ्यावर येईल. माझे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे. हा माणूस बहुतेक वेळा भ्यालेला असतो. त्याचा बडेजाव हे त्याच्या शेतातले बुजगावणे आहे. बुजगावणे लांबून कितीही रुबाबदार दिसले, तरी ते उभे कोण करतो? ज्याला आपले पीक जाण्याची धास्ती असते तो.

पुरावा हवा असेल तर साताऱ्याहून सांगलीला एकदा मोटारीने जाऊन या. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा. कृष्णेच्या खोऱ्यातला हा सुपीक मुलूख. दुतर्फा ऊस उभा. पण उसापेक्षाही दाट पीक दिसते ते फलकांचे. प्रत्येक नाक्यावर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. मध्यभागी उत्सवमूर्ती: डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला फोन, आणि नजर दूर क्षितिजाकडे. खाली शुभेच्छुकांच्या तीस-चाळीस मुंड्या, टपाल तिकिटांएवढ्या. वर पदव्या: 'युवा हृदयसम्राट', 'कार्यसम्राट', 'किंगमेकर'. आणि या साऱ्यांवर कळस म्हणजे 'भावी'. भावी सरपंच, भावी नगरसेवक, भावी आमदार!

या 'भावी' शब्दावर जरा थांबा. एवढा प्रामाणिक शब्द त्या अख्ख्या फलकावर दुसरा नाही. 'मी अजून कुणीच नाही' हे इतक्या भडक अक्षरांत आणि स्वतःच्या खर्चाने दुसरे कोण लिहील? आणखी एक मौज पाहा. हा फलक लागतो तो त्या माणसाच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या चौकात. तिथे त्याला सगळे ओळखतात. त्याच्या आजोबांची किती जमीन होती, थोरला भाऊ कुठे चिकटला, दहावीला हा कितव्यांदा सुटला, हे सारे पारावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. मग ज्या गावात ओळख करून देण्याची गरज नाही, तिथे वीस फुटी ओळखपत्र कशासाठी? माझे उत्तर असे की, आपल्याला सगळे ओळखतात, हीच त्याची भीती आहे. ती ओळख त्याला झाकायची आहे.

आता कुणी म्हणेल, हे तुमच्या मनाचे खेळ. तर नाही. मानसशास्त्रात या विषयाचा खल शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळून झुरून मेलेल्या नार्सिसस नावाच्या ग्रीक तरुणावरून या वृत्तीला नाव मिळाले, आणि १९१४ साली फ्रॉइडने तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याचा एक वेळचा सहकारी आणि पुढे विरोधक झालेला आल्फ्रेड अॅडलर म्हणे की, श्रेष्ठत्वाचा तोरा हा न्यूनगंडावर चढवलेला अंगरखा असतो. पुढे १९७१ मध्ये हाइन्झ कोहुट आणि १९७५ मध्ये ओटो कर्नबर्ग यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. दोघांचे एकमेकांशी पुष्कळ बाबतींत पटत नसे. पण या फुगलेल्या 'मी'च्या आत काहीतरी कच्चे, दुखरे आणि लहानपणीच अडून राहिलेले असते, एवढे दोघांनाही मान्य होते. ही पंडितांची मते झाली. आपल्या आजीबाईंना ती ग्रंथ न वाचता ठाऊक होती. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे सांगायला तिला व्हिएन्नाला जावे लागले नाही. आरशाचेच घ्या. ज्याला आपल्या चेहऱ्याची खात्री असते तो सकाळी भांग पाडण्यापुरता आरशात पाहतो. जो दर घटकेला पाहतो, त्याचे स्वतःवर प्रेम आहे असे मला वाटत नाही. त्याला संशय आहे, आणि तो पुन्हा पुन्हा तपासून पाहतो आहे.

आणि या गोष्टीची पारख करायला सांगलीकरांना तर परक्या शास्त्राची मुळीच गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' रंगवले, तेव्हापासून सांगली ही नाट्यपंढरी. इथल्या मातीतल्या दोन नाटककारांनी बडेजावाची शवचिकित्सा कधीच करून ठेवली आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'तला भुजंगनाथ घ्या. हे नाटक १८९९ सालचे. पैसा आहे, मान आहे, वय मात्र उतरलेले. आणि कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघाला आहे. त्याला माज म्हणावे काय? मला तर तो मरणाला घाबरलेला म्हातारा दिसतो. आपण अजून तरुण आहोत हे त्याला कुणीतरी सारखे सांगत राहावे लागते, आणि म्हणून भद्रेश्वर दीक्षितासारख्या भाटाचे फावते. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्यातला लक्ष्मीधर दागिन्यांनी मढलेला आणि काळजाने सशाचा. प्रेक्षक शंभर वर्षे त्याला हसत आले. पण जितके दागिने अधिक तितका भित्रेपणा अधिक, हे खाडिलकरांनी मांडलेले त्रैराशिक हसण्याच्या भरात कुणी सोडवले नाही. आणि देवलांचा 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव! ते नाटक १९१६ सालचे. बायकोवर संशय घेणारा हा गृहस्थ म्हणजे आत्मप्रौढीचीच दुसरी बाजू. आपण प्रेम करण्याजोगे आहोत हेच ज्याला पटत नाही, त्याला बायकोचे प्रेम खरे कसे वाटावे?

नाटकात या फाल्गुनरावाची गंमत वाटते. घरात ती नसते, आणि माझ्या भांडणाचे खरे कारण हेच आहे. चौकातल्या फलकाने फार तर दुकान झाकले जाते. घरातल्या फलकाखाली माणसे झाकली जातात.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगत नाही आणि गावही सांगत नाही. प्रत्येक गावाला ते आपल्याच गावचे वाटतील. नोकरीत बऱ्यापैकी वर चढून निवृत्त झालेले. जेवायला बसले की ते बोलतात आणि घर ऐकते. कोणत्या साहेबाला त्यांनी कसे सुनावले, कोणत्या बदलीच्या वेळी सारे कार्यालय कसे रडले, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. आणि तरी ते प्रथमच ऐकत असल्यासारखा चेहरा प्रत्येकाला करावा लागतो. मुलाने चित्रकलेचे बक्षीस आणले, तर त्या बक्षिसावरून गाडी पाच मिनिटांत यांच्या शाळेतल्या बक्षिसांवर जाते. एकदा एका भाच्याने अगदी मऊ आवाजात, "मामा, ते साल बहुतेक पुढचं असेल," एवढेच म्हटले. मामा तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. ताट परत गेले. शेवटी भाच्याला बोलावून आणून, सालाची चूक आपलीच होती असे त्याच्याकडून वदवून घेण्यात आले, तेव्हा कुठे त्यांनी भाताला हात लावला. विचार करा, ज्या किल्ल्याचा बुरूज एका सालाने ढासळतो, तो किल्ला कसला? आणि त्या बुरुजाला चाळीस वर्षे टेकू देत उभी आहे त्यांची बायको. 'तुमचे मामा तसे मनाने फार चांगले आहेत हो,' हे तिचे पालुपद. तिला स्वतःची एखादी आठवण सांगायला लावा. ती दोन वाक्यांत पुन्हा त्यांच्यावर येते. तिच्या आठवणी तिच्याच घरात पोरक्या झाल्या आहेत.

आता माझ्यावर दोन बाजूंनी हल्ला होईल हे मी जाणून आहे.

पहिला हल्ला अभ्यासू मंडळींचा. ते म्हणतील, प्रत्येक आत्मप्रौढ माणसाच्या पोटात भीती असतेच असे संशोधनातून दिसत नाही. हे खरे आहे. हल्लीचे मानसशास्त्रज्ञ या वृत्तीचे दोन प्रकार मानतात: एक उघड मिरवणारा, दुसरा आतून हळवा आणि सतत दुखावला जाणारा, आणि पहिल्या प्रकारच्या काहींच्या बाबतीत कितीही खणले तरी खाली न्यूनगंड लागत नाही. मान्य. पण याच अभ्यासकांचे एक काम पाहा. १९९८ साली बुशमन आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवले की, आत्मप्रौढ माणसे सर्वांत अधिक आक्रमक होतात ती त्यांचा पाणउतारा करणाऱ्यावर. बुशमन आणि बाउमाइस्टर यांचा स्वतःचा रोख न्यूनगंडाच्या उपपत्तीविरुद्ध होता, हेही मी लपवत नाही. तरीही माझा रोकडा सवाल असा: ज्याची स्वतःविषयीची खात्री पक्की आहे, त्याला एका टोमण्याने एवढे का लागावे? त्या भीतीला तुम्ही न्यूनगंड म्हणा की सिंहासन जाण्याची धास्ती म्हणा. तिच्याशी गाठ पडणाऱ्याला फरक पडत नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे. त्या माणसाचा डंका ऐकून मत बनवू नका. त्याला 'तुमचे हे चुकले' असे सांगून पाहा आणि मग काय होते ते पाहा.

दुसरा हल्ला दयाळू मंडळींचा. ते म्हणतील, बिचारा भ्यालेला आहे ना, मग सांभाळून घ्या. इथे मात्र मी तसूभरही हलणार नाही. भीती हे कारण आहे, ती माफीची चिठ्ठी नव्हे. बुडणारा माणूस घाबरलेला असतो हे खरे. पण तो दुसऱ्याच्या गळ्याला मिठी मारून त्यालाही तळाशी नेतो, हेही तितकेच खरे. त्याला वाचवायचे तर गळ्याला मिठी मारू द्यायची नाही, हा पोहणाऱ्यांचा पहिला धडा. कृष्णाकाठच्या लोकांना तो मी शिकवायला नको.

मग करावे काय? त्याआधी, ही भीती येते कुठून ते पाहू. त्या फलकावरच्या पोराकडे पुन्हा बघा. वय अठ्ठावीस-तीस. वाटण्या होत होत वाट्याला आलेली एकर-दीड एकर जमीन. पुण्याला खोली घेऊन स्पर्धापरीक्षांची चार-पाच वर्षे झालेली, पद हाती नाही. लग्नाच्या बाजारात शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही. आणि गावात पाऊल टाकले की प्रत्येक ओसरीवरून एकच प्रश्न: "काय, सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. फलक हे ते उत्तर आहे. प्रश्न आपण विचारायचा, तोही रोज, चारचौघांत, आणि उत्तर म्हणून त्याने स्वतःचा वीस फुटी फोटो टांगला की आपणच नाक मुरडायचे, हा कुठला न्याय?

घरातही तेच. २०१५ साली नेदरलँड्समधल्या सात ते बारा वर्षांच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रुमेलमन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. त्यातून निघाले ते प्रत्येक आईबापाने देवघरात लिहून ठेवावे. 'आमचे मूल इतर मुलांपेक्षा खास आहे' असे मानणाऱ्या घरांतल्या मुलांत आत्मप्रौढी वाढली. आणि ज्या मुलांना घरी नुसती माया मिळाली, त्यांच्यात आत्मसन्मान वाढला. दोन्ही घरांत लाडच होते. पण एका लाडात तुलना कालवलेली होती. 'तू आमचा आहेस' असे ऐकलेले मूल निर्धास्त झोपते. 'तू सगळ्यांत पुढे आहेस' असे ऐकलेले मूल उशाला पहारा ठेवून झोपते, कारण मागून कोण येतो आहे हे त्याला पाहावे लागते. आपल्या घरांतली रीत आठवा. ब्याण्णव टक्के मिळाले की पहिला प्रश्न, "पहिला कोण आला?" हा प्रश्न विचारणाऱ्या तोंडाने पुढे वीस वर्षांनी 'पोरगा फार मी-मी करतो' असे म्हणू नये.

या मुलखाची रीत पूर्वी निराळी होती, आणि हे मी जुने ते सोने म्हणून सांगत नाही. नावे घेऊन सांगतो. १९१९ साली भाऊराव पाटलांनी शिक्षणसंस्था काढली. तिला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, बापाचे दिले नाही. 'रयत' हे नाव दिले. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात याच गावांतून चालले. त्यातल्या कार्यकर्त्यांना नाव मिरवणे तर सोडाच, नाव लपवून शेताशेतांतून रात्री काढाव्या लागल्या. आणि त्यांना भाकरी पोचवणाऱ्या कित्येक बायाबापड्यांची नावे कुठल्याच फलकावर आली नाहीत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर राजा असून १९३९ साली आपल्या हातातली सत्ता प्रजेला दिली. त्यांच्या संस्थानातले औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. सत्ता सोडायला निर्धास्त मन लागते. ज्याच्याजवळ ते नसते, तो सोसायटीच्या चेअरमनकीलाही मरेपर्यंत चिकटून बसतो.

साताऱ्याच्या शाहू छत्रपतींची एक गोष्ट तर या विषयावरचा अख्खा ग्रंथ आहे. भर दरबारात त्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि रत्ने घातली आणि आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफला हा वेडाचा झटका वाटला. साताऱ्यात मात्र ही गोष्ट निराळी सांगतात: अंगभर दागिने घालून तोऱ्यात भेटीला येणाऱ्या एका सरदाराला महाराजांनी, मुखाने एक शब्द न बोलता, दागिन्यांची किंमत दाखवून दिली. मला साताऱ्याचे म्हणणे पटते. ज्या राजाचे सात वर्षांपासूनचे पंचविशीपर्यंतचे वय, १६८९ ते १७०७, मोगलांच्या कैदेत गेले, त्याला भेदरून राहायला हवी तेवढी कारणे होती. तरी तो पुढे साध्या कपड्यांत दरबार भरवू शकला. त्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही आहे. फलक लावू इच्छिणाऱ्याने आधी तिथे एक चक्कर मारून यावी.

कुणी म्हणेल, एवढे कशाला, कायदा आहे की! आहे. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ सालचा. साताऱ्याच्याच 'सुस्वराज्य फाउंडेशन' या संस्थेने बेकायदा फलकांविरुद्ध २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली, आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने महापालिका-नगरपालिकांना खडसावून सविस्तर निकाल दिला. साताऱ्याला याचा अभिमान वाटला पाहिजे. पण फलक उतरले आणि पुन्हा चढले. कायदा खांब उपटू शकतो. 'आपण कुणीच नाही' ही धास्ती उपटण्याचे कलम कुठल्या अधिनियमात घालणार? ते काम ओसरीवर आणि जेवणाच्या पाटावरच व्हायचे आहे.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, वाचकहो, तुमच्याकडे आहे. आणि दिवाळी हाच तिचा मुहूर्त. पाडव्याला, भाऊबीजेला सारे गोत एकत्र येईल. तेव्हा तीन गोष्टी करा. पोरांना टक्के आणि पगार विचारू नका. काय वाचलेस, काय पिकवलेस, कुणाशी मैत्री केलीस, हे विचारा. घरातले जे मामा-काका स्वतःचीच आरती ओवाळत बसतील, त्यांचा पाणउतारा करू नका. त्याने भीती वाढते, आणि तिचा हप्ता रात्री मामी भरते. पण खोटी टाळीही वाजवू नका. ऐकून घ्या, आणि मग शांतपणे म्हणा, "मामा, आता मामींची गोष्ट ऐकू या." मामा रुसतील. रुसू द्या. ताट परत करतील. ताट झाकून ठेवा. भूक लागली की जेवतील. आणि तिसरी गोष्ट मामींसाठी. मामी, पहिल्याने जीभ अडखळेल, दोन वाक्यांत पुन्हा 'हे असं म्हणायचे' असे तोंडात येईल. तरी थांबू नका. तुमच्या माहेरच्या विहिरीपासून सुरू करा. आम्ही ऐकतो आहोत.